रानआलं म्हणजे नेमकं कोणतं झाड?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दोन आठवड्यांपूर्वी आपल्या रविवारच्या पुरवणीत रानआल्याच्या गुणांवर मजकूर आला होता. मजकूर कोकणातल्या रानआल्याचा, शेजारचा फोटो मात्र अमेरिकेतल्या एका वेगळ्याच झाडाचा. खाली कृती होती : मुळी ठेचून पाण्यात उकळावी आणि रोज सकाळी उपाशीपोटी कपभर घ्यावी, पूर्णपणे नैसर्गिक असल्याने कसलाही अपाय नाही. माझं पत्र त्या फोटोबद्दल आणि त्या शेवटच्या ओळीबद्दल आहे. ते लांबलंय याची मला कल्पना आहे. जागेअभावी कापावं लागलं तर माझ्या लहानपणीच्या आठवणी कापा, पण मूत्रपिंडांबद्दलचा भाग कृपा करून कापू नका.

मी ३१ वर्षं औषधनिर्माणशास्त्राच्या पदविकेच्या मुलामुलींना फार्माकॉग्नोसी शिकवली. म्हणजे मुळ्या, साली, पानं, बिया ओळखायला शिकवलं. आधी नुसत्या डोळ्यांनी, मग नाकानं, मग मोडून बघून आणि शेवटी काचपट्टीवर पूड घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली. सुंठीच्या पुडीत पिठाचे कण चपटे, एका टोकाला चोच काढल्यासारखे दिसतात. आयोडीनचा थेंब टाकला की निळे होतात. परीक्षेत मी सुंठीत दुसरीच पूड मिसळून द्यायची आणि मुलांनी ती पकडायची. हे सगळं केलेली बाई नावाला फसणार नाही असं कोणालाही वाटेल. या मे महिन्यात मी फसले.

माझी भाची अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असते. तिचा फोन आला तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. ‘मावशी, इथल्या नर्सरीत वाइल्ड जिंजर मिळालं. मेपलच्या सावलीत लावलंय. मुळी मोडली की अगदी आल्याचा वास येतो. चहात घातलं तर चालेल ना?’ माझ्या डोळ्यांसमोर आंबोली घाटाखालचं आमचं गाव आलं, आजी आली. मी म्हटलं, ‘अगं, रानआलंच ना ते? आजी पोटदुखीला द्यायची. घाल थोडं.’ फोन ठेवला. रात्री तिनं फोटो पाठवला. जमिनीलगत दोनच पानं, लांब देठाची, रुंद, बुडाशी खाच असलेली. त्या दोन पानांच्या बेचक्यात, पार मातीला टेकलेलं, तपकिरी-लाल रंगाचं तीन पाकळ्यांसारखं फूल. आल्याच्या कुळात असं पान असतच नाही. मी तिथल्या तिथे फोन लावला. तिकडे दुपार होती. मुळी किसून ठेवलेली होती, आधण चहाच्या वेळी ठेवायचं होतं.

‘टाकून दे. हात धू. किसणी धू,’ एवढंच मी बोलले. कारण नंतर सांगितलं.

आपल्या पुरवणीतल्या फोटोत हेच झाड आहे. शास्त्रीय नाव ॲसारम कॅनडेन्स. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या सावलीच्या जंगलांत ते आपोआप वाढतं, आणि बागेत जमीन झाकायला म्हणून मुद्दाम लावलंही जातं. त्याला तिथे ‘वाइल्ड जिंजर’ म्हणतात ते फक्त मुळीच्या वासावरून. वास आल्यासारखा, पण झाडाचं आल्याशी दुरूनसुद्धा नातं नाही. आलं, हळद, वेलची, सोनटक्का हे एक कूळ. ॲसारमचं कूळ आपल्याकडच्या ईश्वरीचं, जिला आमच्याकडे सापसंदही म्हणतात. आणि या कुळात एक रसायन आहे, ॲरिस्टोलोकिक आम्ल. रोज उपाशीपोटी कपभर घ्यायला सांगितलेल्या काढ्यात ते उतरू शकतं. उकळून ते नाहीसं होत नाही. मद्यार्कात जास्त उतरतं, पाण्यात कमी, पण पाण्यातही उतरतं.

हे आम्ल शरीरात काय करतं ते जरा सविस्तर सांगते, कारण ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ याला उत्तर तिथेच आहे. त्याच्या रेणूवर एक नायट्रो गट असतो. आपल्या यकृतातली आणि मूत्रपिंडातली विकरं, म्हणजे एन्झाइम, नको असलेली वस्तू बाहेर काढायच्या खटपटीत त्या नायट्रो गटाचं रूपांतर करतात, आणि त्यातून जे तयार होतं ते फार चिकट निघतं. ते पेशीच्या डीएनएला, त्यातल्या ॲडेनिन नावाच्या घटकाला जाऊन बिलगतं. पेशी विभागताना तिथे चूक होते, ॲडेनिनच्या जागी थायमिन बसतं. ही चूक इतकी ठरावीक आहे की कित्येक वर्षांनी गाठीच्या पेशी तपासल्या तरी हे काम ॲरिस्टोलोकिक आम्लाचं हे ओळखता येतं. शिवाय मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांभोवती चट्टे धरत जातात, मूत्रपिंड आक्रसतं. दुखत नाही, ताप येत नाही. लघवीतून प्रथिनंही फारशी जात नाहीत, म्हणून साध्या तपासणीत चटकन लक्षात येत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन ठळकपणे वाढलेलं दिसतं तेव्हा मूत्रपिंडाचं निम्मं काम बंद पडलेलं असतं.

माझे यजमान पाच वर्षं डायलिसिसवर होते. त्यांचं कारण मधुमेह, कुठली मुळी नव्हे. पण आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, त्या खुर्चीशेजारी बसून मी जे पाहिलं त्यामुळे ‘मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो’ हे वाक्य मला पुस्तकातल्यासारखं वाचता येत नाही. पाणी मोजून प्यायचं. उन्हाळ्यात घशाला कोरड पडली तर बर्फाचा खडा चघळायचा. आमच्या दारात हापूसचं झाड, आणि पोटॅशियम वाढेल म्हणून आंब्याची एक फोड खाऊ की नको हे डॉक्टरांना विचारायचं.

आता ब्रुसेल्सची हकिगत. ती मी दरवर्षी वर्गात सांगत असे, आणि आज आपल्या वाचकांना सांगायलाच हवी. १९९०च्या सुमारास बेल्जियममधल्या एका वजन कमी करण्याच्या दवाखान्यानं आपल्या गोळ्यांमध्ये दोन चिनी वनस्पतींची भर घातली. त्यातली एक स्टेफानिया टेट्रान्ड्रा. चिनी भाषेत तिला फांगजी म्हणतात. १९९२मध्ये ब्रुसेल्सच्या डॉक्टरांकडे पन्नाशीच्या आतल्या, एरवी धडधाकट अशा बायका मूत्रपिंडं निकामी झालेल्या अवस्थेत यायला लागल्या. त्या सगळ्या त्याच दवाखान्यात जात होत्या हे लक्षात आलं, आणि १९९३मध्ये डॉ. व्हॅनहर्वेघेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलं. पुढे अशा रुग्णांची संख्या शंभरावर गेली. गोळ्यांतली पूड तपासली तर तिच्यात स्टेफानियाऐवजी ॲरिस्टोलोकिक आम्ल सापडलं. झालं होतं ते असं : चीनमध्ये फांगजी नावाच्या दोन मुळ्या आहेत. एक हान फांगजी, तीच स्टेफानिया. दुसरी ग्वांग फांगजी, म्हणजे ॲरिस्टोलोकिया फांगची, ईश्वरीची सख्खी बहीण. नावाचा अर्धा भाग एकच. वाटेत कुठेतरी एका पोत्याच्या जागी दुसरं पोतं आलं.

पुढचा भाग सांगताना वर्गात शांतता पसरायची. ज्यांची मूत्रपिंडं पूर्ण निकामी झाली होती त्यांच्यापैकी ३९ जणांनी, पुढे कर्करोग होऊ नये म्हणून, ती निकामी मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्या काढून टाकायला संमती दिली. काढलेल्या अवयवांची तपासणी झाली तेव्हा ३९पैकी १८ जणांमध्ये कर्करोग आधीच सुरू झालेला होता. ही संख्या २००० साली प्रसिद्ध झाली. गोळ्या बंद होऊन तेव्हा कित्येक वर्षं उलटली होती.

असंच एक कोडं बाल्कन प्रदेशात होतं. डॅन्यूब नदीच्या उपनद्यांकाठच्या काही गावांत पिढ्यान्‌पिढ्या मूत्रपिंडाचा आजार यायचा, आणि शेजारच्या गावात नाही. १९५०च्या दशकापासून डॉक्टर कारण शोधत होते. शेवटी बोट आलं ते गव्हाच्या शेतात तण म्हणून वाढणाऱ्या ॲरिस्टोलोकियाच्या बियांवर. गव्हाबरोबर दळल्या जायच्या, भाकरीतून पोटात जायच्या. तिथे तर कोणी औषध म्हणूनही घेत नव्हतं.

२००१मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं या आम्लाबद्दल इशारा दिला, त्यातल्या वनस्पतींच्या यादीत ॲसारम कॅनडेन्स आहे. तैवाननं २००३मध्ये अशी औषधं बंद केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं हे आम्ल माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. हे सगळं उघड, छापील आहे. फोटो निवडण्याआधी कोणी तरी दहा मिनिटं काढायला हवी होती.

यावर मला एक प्रश्न नेहमी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी, ओजिब्वे, चेरोकी आणि इतर, ही मुळी शेकडो वर्षं स्वयंपाकात आणि औषधात वापरत होते. मग त्यांना कळलं नाही का? माझं उत्तर असं की परंपरेला जे विष लगेच दिसतं ते ती नेमकं ओळखते. बचनाग, कुचला, धोतरा यांच्याबद्दल आपल्या वैद्यांनी किती काळजी घेतली, शोधन कसं केलं, मात्रा कशी ठरवली, हे मी आदरानं शिकवलं आहे. ती विषं तासाभरात दिसतात. पण आज प्यायलेल्या काढ्याचं फळ वीस वर्षांनी मिळालं तर ते दोन टोकं कोण जोडणार? त्यासाठी नोंदवह्या लागतात, काढलेला अवयव कापून बघावा लागतो, डीएनए वाचावा लागतो. यात परंपरेचा कमीपणा नाही. या कामाला लागणारी हत्यारं तिच्याकडे नव्हती, एवढंच.

म्हणून ईश्वरीबद्दलही बोलते, कारण ती आपल्या कुंपणावर आहे. सिंधुदुर्गात जुन्या घरांच्या गडग्यावर हा वेल अजून दिसतो. फळ पिकून उलटं लोंबकळतं ते उकलल्यावर टोपलीसारखं दिसतं. सापाच्या विषावर, बाळंतिणीला, तापावर म्हणून मुळी उगाळून देण्याची चाल होती. देशावर याच कुळातली कीडामार आहे. दोन्हींत ॲरिस्टोलोकिक आम्ल आहे. साप चावला तर मुळी उगाळत बसू नये, तडक दवाखाना गाठावा, हे तर आहेच. पण ‘थोडी थोडी रोज’ हा प्रकारही थांबायला हवा. वेल मात्र उपटू नका. कॉमन रोझ, क्रिमसन रोझ आणि सदर्न बर्डविंगसारखं हातभर वाटावं इतकं मोठं फुलपाखरू यांच्या अळ्या याच कुळाच्या वेलींची पानं खाऊन वाढतात. पानातलं ते आम्ल त्या अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. त्यांना ते पचतं. आपल्याला पचत नाही.

आता आपल्या रानआल्याकडे वळते. आपल्या मजकुरामुळे त्याच्यावरही अन्याय झाला आहे.

आम्ही ज्याला रानआलं म्हणायचो ते झिंजिबर झेरम्बेट. मृगाचा पाऊस पडला की आमच्या वहाळाच्या बांधावर त्याचे कोंब यायचे. छातीइतकं उंच, कधी डोक्याइतकं. पानं खऱ्या आल्यासारखीच, पण रुंद. श्रावणाच्या आसपास पानांच्या खोडापासून वेगळा, जमिनीतून थेट वर येणारा एक दांडा निघतो आणि त्याच्या टोकाला खवल्याखवल्यांचं बोंड येतं. आधी हिरवं, मग लालभडक. त्या खवल्यांतून फिकट पिवळी फुलं एकेक करून डोकावतात. बोंड मुठीत दाबलं की बुळबुळीत सुवासिक पाणी येतं. आम्ही मुली ते केसांना चोळायचो. पुढे वाचनात आलं की हवाई बेटांवरचे लोक नेमकं हेच करतात. पॉलिनेशियन लोकांनी होड्यांतून हा कंद तिथवर नेला. त्यांच्या भाषेत त्याला आवापुही म्हणतात, आणि त्या नावानं आता शांपू विकले जातात. आंबोलीच्या पायथ्याच्या मुली आणि पॅसिफिकमधल्या बायका एकाच बोंडानं केस धूत होत्या हे वाचल्यावर मला फार बरं वाटलं होतं. दिवाळीनंतर पानं पिवळी पडून झोपतात, कंद जमिनीत राहतो. आजी तो काढून ठेवायची. पाय मुरगळला की उगाळून, कोमट करून लेप. पोटात दुखलं तर वालाएवढा तुकडा ताकात. चव सांगते : कडू. खऱ्या आल्याचा तिखटपणा त्यात जवळजवळ नाही.

असं का, हे रसायनशास्त्र फार छान सांगतं. खऱ्या आल्याचा तिखटपणा जिंजेरॉलचा. आलं वाळवलं की जिंजेरॉलमधून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि शोगाओल तयार होतं. ते जिंजेरॉलपेक्षा तिखट, म्हणून सुंठ ओल्या आल्यापेक्षा जास्त झोंबते. रानआल्यात मुख्य वस्तू वेगळीच आहे, झेरम्बोन. १५ कार्बन, २२ हायड्रोजन, १ ऑक्सिजन. अकरा कार्बनांचं एक कडं, त्यात तीन दुहेरी बंध, आणि त्यांतल्या दोन बंधांच्या मधोमध कीटोनचा ऑक्सिजन. आम्ही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कंद किसून वाफेनं त्याचं तेल काढायचो. पावसाळ्यात ते तेल नुसतं पिवळट दिसायचं. डिसेंबरच्या थंडीत सकाळी बाटली पाहिली तर तळाशी पांढरे खडे. ते खडे म्हणजेच झेरम्बोन. ६५ अंशांच्या आसपास वितळतात. औषधी वनस्पतीतलं ‘औषध’ असं डोळ्यांना, चिमटीत धरता येईल असं दिसतं, त्या दिवशी वर्गातली सगळ्यात मागे बसणारी मुलंही पुढे यायची.

या कड्याची रचना १९६०मध्ये प्रसिद्ध केली ती डॉ. सुखदेव यांनी. पुढे त्यांनी अनेक वर्षं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम केलं. गुग्गुळातली स्टेरॉइडं वेगळी करून त्यांच्या रचना ठरवण्याचं कामही त्यांच्या गटानं तिथेच केलं. आजच्यासारखी यंत्रं हाताशी नसताना, रेणू तोडून, जोडून, पुन्हा तोडून त्यांनी ही कडी उलगडली. ज्या शहरात त्यांनी पुढे इतकी वर्षं काम केलं त्याच शहरात आपली पुरवणी वाचली जाते, म्हणून मला हे लिहावंसं वाटलं. रानआल्यावर लिहिणाऱ्यानं त्यांचा उल्लेख केला असता तर मी वही काढून तो मजकूर चिकटवून ठेवला असता.

झेरम्बोन काय करतं? दोन दुहेरी बंधांच्या मधला तो कीटोन गंधक असलेल्या रेणूंना पटकन पकडतो. आपल्या पेशींत ग्लुटाथायोन नावाचा असा रेणू भरपूर असतो, प्रथिनांतही गंधक असतो. त्यामुळे दाह चालू करणाऱ्या काही यंत्रणा झेरम्बोननं मंदावतात असं पेशींवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. जपानमध्ये यावर बरंच काम झालं. आजीचा मुरगळलेल्या पायावरचा लेप याच्याशी जुळतो, आणि मला त्याचा आनंद आहे. पण काचेच्या बशीतल्या कर्करोगाच्या पेशी झेरम्बोननं मेल्या म्हणजे रानआल्यानं माणसाचा कर्करोग बरा होतो असं होत नाही. आपल्या मजकुरात ‘कर्करोगावर गुणकारी’ असे दोन शब्द अगदी सहज आले आहेत. ते वाचून एखाद्या बाईनं केमोथेरपीची तारीख पुढे ढकलली तर? आणि गंधकाला पकडणारा रेणू दाहाच्या प्रथिनाला पकडेल तसा दुसऱ्या कामाच्या प्रथिनालाही पकडू शकतो. शिवाय जागा बदलली की तेलातलं झेरम्बोनचं प्रमाण खूप बदलतं. कुठे ते निम्म्याहून जास्त, कुठे अगदी थोडं. कपभर काढा म्हणजे किती, हे मग कोणी सांगायचं? बाहेरून लेप ठीक, कधीतरी ताकात तुकडा ठीक. रोज, महिनोन्‌महिने, उपाशीपोटी, असं मी माझ्या घरात कोणाला देणार नाही.

नावांचा घोळ फक्त अमेरिकेतला नाही. ‘आंबेहळद’ म्हणून बाजारात दोन वेगळे कंद मिळतात. एकाला कैरीचा वास, लोणच्यात घालतात. दुसरी सूज आणि मुका मार यांवर लावायची. दिवाळीच्या उटण्यात कचोरा, कपूरकाचरी, आंबेहळद अशी आल्याची अर्धी भावंडं एकत्र येतात आणि पुड्या एकमेकींत मिसळतात. ‘रानआलं’ हे नावही आपल्याकडे एकाच झाडाचं नाही, सह्याद्रीत आल्याच्या रानटी जाती अनेक आहेत. उटणं अंगाला लावून धुऊन टाकायचं असतं, तिथे चूक झाली तर फार तर अंगाला खाज सुटेल. पोटात घ्यायच्या वस्तूत हे चालणार नाही. आणि वेखंडाचंही सांगून ठेवते. त्यातल्या ज्या घटकाला ॲसारोन म्हणतात त्याला ते नाव या ॲसारमवरूनच मिळालं. आपल्याकडच्या वेखंडाच्या तेलात त्याचा बीटा प्रकार भरपूर असतो, आणि उंदरांमध्ये त्यानं गाठी होतात म्हणून अमेरिकेत १९६८पासून वेखंड अन्नात घालायला बंदी आहे. बाळगुटीत वेखंडाचे वेढे वाढवणाऱ्या आज्यांनी हे एकदा आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ ॲमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत छापला गेला. कोचीचा डच अधिकारी व्हान रेडे यानं तो करवून घेतला आणि इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्यांबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांनी त्यासाठी राबणूक केली. त्यांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. अकराव्या खंडात हेच आपलं झाड आहे. नाव दिलंय ‘कातू इंची कुआ’. काट्टु म्हणजे रानटी, इंची म्हणजे आलं. पानावर मोठं चित्र : कंद, पान, बोंड, फूल, सगळं वेगवेगळं दाखवलेलं. त्या ग्रंथातल्या चित्रांवर नावं रोमन, मलयाळम, अरबी आणि नागरी अशा लिप्यांत कोरलेली असतात. चित्रातलं झाड आणि नावातलं झाड एकच असावं, आणि ते वेगवेगळ्या मुलखांतल्या माणसांना ओळखता यावं, यासाठी साडेतीनशे वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर एवढी मेहनत घेतली गेली. आपल्याकडे फोटो एका कळीवर मिळतो, त्यामुळे ही काळजी सुटली असावी. तिचीच मला आपल्याकडून मागणी करायची आहे.

दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच पानावर, तितक्याच मोठ्या अक्षरांत द्यावी. आतल्या पानावरच्या दोन ओळींच्या दिलगिरीनं हे काम होणार नाही, कारण कृती कापून फ्रिजवर चिकटवणाऱ्या वाचकांना ती दिसणार नाही. पुढे कुठल्याही वनस्पतीवर मजकूर छापताना शास्त्रीय नाव देवनागरीत द्यावं, कोणता भाग वापरायचा ते द्यावं, आणि फोटो त्याच झाडाचा आहे हे वनस्पतिशास्त्राच्या एखाद्या शिक्षकाला दाखवून घ्यावं. आमच्यासारखे निवृत्त लोक जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, एका फोनवर सांगू. आणि ‘कसलाही अपाय नाही’ हे शब्द तर छापूच नयेत.

परदेशातल्या मराठी वाचकांसाठी ओळख सांगते. खऱ्या आल्याच्या कुळातल्या पानावर शिरा एकमेकींना जवळजवळ समांतर, मधल्या शिरेपासून कडेकडे तिरक्या जाणाऱ्या असतात, आणि पानांच्या देठांचे तळ एकात एक गुंडाळून खोड झाल्यासारखं दिसतं. ॲसारमचं पान हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आकाराचं, शिरांचं जाळं, खोड जमिनीवर सरपटतं, फूल मातीला टेकलेलं. मुळीच्या वासावर विसंबू नका. वास सारखा असणं हेच तर या चुकीचं मूळ आहे. कोणी ही मुळी किंवा तिचा अर्क काही दिवस घेतला असेल तर तो आधी बंद करावा, घाबरून न जाता डॉक्टरांना झाडाचं नाव सांगावं आणि क्रिएटिनिन व लघवीची तपासणी करून घ्यावी. नाव सांगणं महत्त्वाचं, कारण डॉक्टर मुळीबद्दल आपणहून विचारतीलच असं नाही.

पत्रासोबत दोन छायाचित्रं जोडली आहेत. एक भाचीनं पाठवलेलं, पेनसिल्व्हेनियातलं. दुसरं मी गेल्या श्रावणात आमच्या वहाळाच्या बांधावर काढलेलं, लाल बोंडासकट. दोन्ही शेजारी-शेजारी छापावीत ही विनंती. भाचीनं झाड ठेवलंय. मीच म्हटलं, राहू दे. त्याच्या बियांना एक तेलकट तुकडा चिकटलेला असतो, त्यासाठी मुंग्या त्या बिया आपल्या वारुळात ओढून नेतात आणि तिथे नवं झाड उगवतं. ती आता लेकीला घेऊन रोज संध्याकाळी मेपलखाली बघायला जाते, मुंग्या आल्या का. झाडाजवळ तिनं लाकडी पाटी लावली आहे, मराठीत आणि इंग्रजीत : ‘आलं नव्हे.’

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
सावंतवाडी